टेकडीवरची ओळख

पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट पुणेकरांनी कधी फारशी मनाला लावून घेतलेली नाही. मुंबईचा पाहुणा चौपाटीवरच्या वाऱ्याचे वर्णन करू लागला, की पुणेकर ते शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी एवढेच विचारतो, "पण तिथे चढ कुठे आहे?" समुद्राकाठी माणूस नुसता जाऊन बसला तरी त्याला वारा लागतो. टेकडीवरचा वारा आधी चढून मिळवावा लागतो. काही न करता सुख मिळणे आमच्या गावाच्या प्रकृतीला मानवत नाही.

म्हणूनच बहुधा पुण्याच्या वाट्याला टेकड्या आल्या. पर्वती आहे, चतुःशृंगी आहे, हनुमान टेकडी, तळजाई, वेताळ टेकडी आहे. पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली देवस्थान उभे केले. तिथे १०३ पायऱ्या आहेत असे सगळे सांगतात. मी मोजल्या तेव्हा एकदा शंभर भरल्या आणि एकदा एकशेसात. पण पुण्यात एखादा आकडा ठरला की ठरला. पायऱ्यांनी त्याप्रमाणे वागायचे.

चाळिशीत माणसाला चष्मा लागतो आणि पन्नाशीनंतर चालणे लागते. मला ते डॉक्टरांनी लावले. त्यांनी माझ्या रक्ताचा कागद उजेडात धरला, आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाले, "चालत जा."

"औषध काही?"

"चालणं हेच औषध."

एवढे सांगून त्यांनी पाचशे रुपये घेतले. घरी येऊन ही गोष्ट सांगितली तेव्हा आमची ही म्हणाली, "मी गेली वीस वर्षं हेच सांगतेय. मला कधी दिलेत पाचशे रुपये?" यावर उत्तर नव्हते. नवऱ्याला फुकट मिळालेला सल्ला लागू पडत नाही, असे आमच्या घरच्या आयुर्वेदात म्हटले आहे.

दुसऱ्या दिवशी मुलाने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधले. या घड्याळाला वेळ सोडून बाकी सगळे समजते. नाडी समजते, झोप समजते, आणि आपण किती पावले टाकली ते तर फारच समजते. दिवसाला दहा हजार पावले झाली की ते थरथरते. हा दहा हजारांचा आकडा कोणा ऋषीने किंवा वैद्याने काढला असेल अशी माझी समजूत होती. तर तो निघाला जपानचा. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, तिथे पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावले मोजणारे'. नाव जिभेवर बसले, यंत्र खपले आणि आकडा जगभर पसरला. अलीकडच्या अभ्यासांत तर सात हजारांच्या आसपासही पुष्कळ फायदा होतो असे दिसले आहे. मी हे मुलाला सांगितले. तो म्हणाला, "बाबा, तुमची आज अठराशे झालीत." विद्वत्तेने पावले भरून निघत नाहीत.

सुरुवात मी घराजवळच्या उद्यानापासून केली. बागेत जाणे आम्हांला लहानपणापासून माहीत होते. सारसबागेत जायचे, पूर्वीच्या तळ्यातल्या बेटावर बसलेल्या गणपतीला नमस्कार करायचा आणि बाहेर येऊन भेळ खायची. पेशवे पार्कात जायचे आणि फुलराणीत बसायचे. त्या बागेत चालणे हे भेळेपर्यंत पोचण्याचे साधन होते. पन्नाशीनंतरची बाग वेगळी. हिच्यात भेळ नसते. पाट्या असतात. फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, बाकावर झोपू नये, खेळण्यांवर मोठ्यांनी बसू नये. एवढे सगळे करायचे नाही म्हटल्यावर माणसाला चालण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि पाट्यांचा हेतूही तोच असावा. दुपारी तर बाग मुळात बंदच. दुपारी झोपायचे असते हे पुण्यात झाडांनाही ठाऊक आहे.

एका कोपऱ्यात हास्यक्लब भरतो. १९९५ साली मुंबईतल्या एका डॉक्टरांनी बागेत मूठभर माणसे जमवून हा प्रकार सुरू केला आणि तो देशोदेशी गेला. हसण्यासाठी विनोद लागत नाही, असे त्यातले तत्त्व आहे. विनोदी लेख लिहिणाऱ्या माणसाने तिथे जास्त वेळ थांबू नये हे बरे.

पण बागेतली खरी अडचण वेगळीच आहे. तिथली वाट गोल असते. तुम्ही एका बाजूने फेऱ्या घालता आणि समोरून उलट्या बाजूने येणारे एक गृहस्थ दर फेरीला दोनदा भेटतात. पहिल्या भेटीत आपण हसतो. दुसऱ्या भेटीत थोडे कमी हसतो. तिसऱ्या भेटीत नुसती मान हलवतो. चौथ्या भेटीला दोघांचेही भांडवल संपलेले असते. मग ते गृहस्थ दिसू लागले की आपण घड्याळात बघायचे, पुढच्या वेळी आकाशात बघायचे, त्याच्या पुढच्या वेळी झाडाकडे. सहा फेऱ्या म्हणजे बारा भेटी. तिथल्या एका अशोकाच्या झाडाकडे मी इतक्या वेळा निरखून पाहिले, की माळ्याने एकदा येऊन विचारले, "साहेब, काही पडलंय का त्याच्यात?"

महिन्याभराने मी बाग सोडली आणि टेकडी धरली.

आमची टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून तिची उंची साधारण ८०० मीटर. ऐकायला भीती वाटते. पण यातले ५६० मीटर पुणे शहर आपल्याला बसल्या जागी फुकट देते. उरलेले काय ते आपण चढायचे. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे, आणि या टेकडीला वेताळाचे नाव कसे शोभते ते पहिल्याच चढावर पटते. गोष्टीतला वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो, आणि राजाने तोंड उघडले की उडून जातो. इथेही तसेच. आपण चढाच्या मध्यावर असतो, भाता चालू असतो, आणि मागून येणारा कुणीतरी नेमके विचारतो, "काय मग, यंदा पावसाचं काय वाटतं?" उत्तर दिले की छातीतले उरलेसुरले प्राण उडून जातात. विक्रमाच्या अंगी मौन पाळण्याचा केवढा निग्रह असे लोक म्हणतात. मला आता वाटते, त्याला बिचाऱ्याला दम लागला असेल.

बागेतली वाट कंत्राटदार करतो, टेकडीवरची पायच करतात. पायवाट हा शब्दच बघा, किती प्रामाणिक आहे. कुणीतरी एकदा बाभळीला वळसा घालून गेला, दुसरा त्याच्या मागून गेला, आणि शंभरावा जाईपर्यंत तिथले गवत उगवायचे थांबले. तिचे उद्घाटन झालेले नाही, तिच्यावर कुणाचे नाव नाही. पाऊस पडला की ती जरा सरकते, उन्हाळ्यात पुन्हा जाग्यावर येते. आजूबाजूला गिरिपुष्पाची गर्दी आहे. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे; टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावले गेले आणि पाहुणा म्हणून येऊन घरमालक झाले. फेब्रुवारीत ते गुलाबी फुलते तेव्हा त्याच्यावर रागावणे कठीण जाते. खाली खाणीत पाणी साठते, मधूनच मोर ओरडतो, आणि मोराचा आवाज त्याच्या पिसाऱ्याला इतका न शोभणारा कसा, यावर रोज कुणीतरी नव्याने आश्चर्य व्यक्त करतो.

आता मुख्य गोष्ट. टेकडीवर कुणी कुणाचे नाव विचारत नाही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. त्याची पाटीही नाही, आणि पाटी नसताना पाळला जाणारा पुण्यातला बहुधा हा एकच नियम असावा. माणसे ओळखायची ती खुणेने. 'मोरवाले' म्हणजे भेटल्याबरोबर "आज दिसला का?" असे विचारणारे. 'आकाशवाणी' म्हणजे खिशातल्या मोबाइलवर भक्तिगीते लावून चालणारे. ते दिसण्याच्या आधी ऐकू येतात आणि दिसेनासे झाल्यावरही ऐकू येत राहतात. 'कलेक्टर' म्हणजे पाठीमागे हात बांधून, टेकडीची तपासणी केल्यासारखे जाणारे. दोन बायका रोज एकमेकींना टाळ्या देत, हसत, गप्पा मारत यायच्या. त्यांना आम्ही दोन वर्षे 'बहिणी-बहिणी' म्हणत होतो. पुढे कळले की त्या सासू-सुना. तेव्हापासून टेकडीच्या हवेवरचा माझा विश्वास फार वाढला.

आणि 'बाटलीवाले'. सत्तरी ओलांडलेले, अंगकाठी सडसडीत, डोक्याला कानटोपी. दोन्ही हातांत एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. खालच्या जगात या नावाचा अर्थ निराळा झाला असता. टेकडीवर त्याचा अर्थ एवढाच, की त्यांनी खाणीच्या वरच्या अंगाला बहाव्याचे एक रोप लावले होते आणि दिवाळी झाली की पाऊस लागेपर्यंत ते रोज त्याला पाणी घालत. एक बाटली बहाव्याला. दुसरी कशाला, असे मी एकदा विचारले. "ही परतीच्या वाटेवर कुणाला चक्कर आली तर," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघत राहिले. मी त्यानंतर स्वतःची बाटली नेऊ लागलो.

माझी आणि त्यांची चांगली दोन वर्षांची ओळख. रोज तासभर बरोबर. घरी मी त्यांच्याविषयी सांगू लागलो की ही चौकशी करी.

"कुठे राहतात?"

"माहीत नाही."

"मुलं किती?"

"विचारलं नाही."

"नोकरी कुठे होती?"

"काही कल्पना नाही."

"अहो, मग रोज तासभर बोलता तरी काय?"

काय बोलतो ते मला खरोखरच सांगता येईना. बहाव्याला नवीन पान आले यावर बोललो होतो. ढग आणि धुके यांतला फरक काय, यावर दोन दिवस बोललो होतो. पुष्कळदा काहीच बोललो नव्हतो. बायकांना दोन मिनिटांत एकमेकींचे आजोळ कळते. पुरुषांना दोन वर्षांत ढग आणि धुके यांतला फरकही नक्की कळत नाही, पण त्यांचे काही अडत नाही.

ही बिननावाची मंडळी एकदा मिळून सिंहगडावर गेली. कल्पना मोरवाल्यांची, टेकडीवर मोर दिसत नाही तो तिथे दिसेल, असे त्यांना वाटले. पहाटे आम्ही आतकरवाडीत जमलो. निघताना माझ्या मुलाने मला सांगितले होते की १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगर चढायला किती वेळ लागतो याचे गणित मांडून ठेवले आहे. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरायचे, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. सिंहगडाचा चढ साधारण तेवढाच. म्हणजे सगळा मिळून दीड तास. गणित उत्तम आहे. फक्त नाइस्मिथसाहेबांच्या डोंगरावर दर शंभर पावलांवर लिंबू-सरबत आणि काकडी विकायला कुणी बसत नसावे. आम्ही वर पोचलो तेव्हा अडीच तास झाले होते, आणि त्यातला एक तास निव्वळ मीठमसाला लावलेल्या काकड्यांचा होता. बाटलीवाले बरोबर दीड तासात पोचले होते. वर देवटाक्याजवळ एका दगडावर बसून ते आमची वाट बघत होते, बाटल्या दोन्ही भरलेल्या.

वाटेत आम्हांला पायथ्याच्या वाडीतल्या एक मावशी ओलांडून गेल्या. डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी, हातात पिशवी, पायात साधी चप्पल. आमच्यातल्या एकाने विशेष प्रकारचे बूट घेतले होते. त्यांच्या तळाला एवढ्या खाचा होत्या की त्यात वाटेवरचे सगळे खडे जमा होत. त्यांनी धापा टाकत विचारले, "मावशी, रोज ट्रेक करता?"

मावशी म्हणाल्या, "नाही बा. दही इकते."

गड चढल्यावर ते दही आम्ही खाल्ले. मातीच्या छोट्या मडक्यातले, घट्ट, वर साखर. त्यानंतर पिठले-भाकरी, मग कांदाभजी, मग पुन्हा दही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे हा गड चढून आले तेव्हा त्यांच्यापुढे उदेभान होता. आमच्यापुढे कांदाभजी होती. ज्याला जेवढे झेपते तेवढेच आव्हान त्याच्या वाट्याला येते. घड्याळाने त्या दिवशी वीस हजार पावले दाखवली, पण भज्यांविषयी ते काही बोलले नाही. घड्याळाचा हा गुण मला आवडतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, थेट तमिळनाडूतला जिंजीसुद्धा. सिंहगड त्या यादीत नाही. टेकडीवर या विषयावर आठवडाभर चर्चा झाली. कलेक्टर म्हणाले, "त्यांनी दही खाल्लं नसेल." त्यावर कुणी काही बोलले नाही, विषय संपला होता.

या मंडळींना टेकडीखाली पाहण्याचा प्रसंग तोवर एकदाच आला होता. टेकडीच्या अंगावरून रस्ता आणि पोटातून बोगदे काढण्याच्या योजनेविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये मोर्चा निघाला, तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. आणि गंमत अशी झाली, की कुणी कुणाला ओळखेना. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. कानटोप्या नव्हत्या, काठ्या नव्हत्या, आकाशवाणी बंद होती. कलेक्टर माझ्या शेजारी पाच मिनिटे उभे होते आणि मी त्यांना कुणी अनोळखी गृहस्थ समजून "जरा सरकता का?" म्हटले. मग मोर्चा चालू लागला. सगळे चालू लागल्याबरोबर एकेकाची चाल दिसली. हे हात मागे बांधून चाललेत ते कलेक्टर, हे दर दहा पावलांनी झाडावर बघतायत ते मोरवाले, ही पुढे भराभर गेलेली काठी म्हणजे बाटलीवाले. चेहऱ्याने हरवलेली माणसे पायांनी सापडली.

गेल्या मार्चमध्ये बाटलीवाले यायचे थांबले.

पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या दिवशी मोरवाले म्हणाले, "गावाला गेले असतील." पण गावाला जायचे तर ते बहाव्याची व्यवस्था लावून गेले असते. पाचव्या दिवशी आम्ही चौघे वाट वाकडी करून खाणीच्या वर गेलो. बहाव्याच्या बुंध्याशी आळे कोरडे पडले होते आणि मातीला भेग गेली होती. ती भेग बघून कुणीच काही बोलेना. आमच्या बाटल्यांत जेवढे पाणी होते तेवढे त्यात ओतले. आकाशवाणींनी खिशात हात घालून गाणे बंद केले. त्यांच्या खिशात बटण आहे हे आम्हांला त्या दिवशी कळले.

मग शोध सुरू झाला. पण शोधायचे कसे? नाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. पोलिसांत जावे तर सांगायचे काय? "कानटोपी घालतात, ढगांविषयी मत आहे"? एक जण म्हणाला ते कोथरूडच्या बाजूने चढायचे, दुसरा म्हणाला पाषाणच्या. कलेक्टरांनी तर दोन दिवस तिन्ही वाटांच्या पायथ्याशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारले. घरी मी हे सांगितले, तेव्हा ही काही म्हणाली नाही. नुसती चहा ठेवायला आत गेली. तिने "मी सांगत नव्हते?" असे म्हटले असते तर मला बरे वाटले असते. ती गप्प बसली म्हणजे गोष्ट काळजीची असते.

पाण्याच्या पाळ्या मात्र लागल्या. सोमवार मोरवाल्यांचा, मंगळवार माझा, बुधवार सासू-सुनांचा. बहावा तगला.

तीन आठवडे झाले असतील. मंगळवार होता. मी चढ चढून जरा थांबलो होतो, आणि थांबल्यावर मला खोकला येतो, तो येऊन गेला. एवढ्यात एक तिशीची बाई, हातात दोन लिटर-लिटरच्या बाटल्या घेऊन, समोर आली. म्हणाली, "माफ करा हं. तुम्ही खोकलेवाले काका का?"

मी मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

"बाबांनी सांगितलंय, आधी खोकला येईल आणि पाठोपाठ काका येतील. तेच ते."

ती बाटलीवाल्यांची सून होती. बाबांचा गुडघा बदलला होता. घरात पाय घसरून निमित्त झाले, तपासणीत दोन्ही वाट्या झिजलेल्या निघाल्या, एकीचे ऑपरेशन लगेच करावे लागले. शुद्धीवर आल्यापासून त्यांनी बहाव्याचा धोसरा लावला होता. शेवटी तिने रविवारी त्यांच्याकडून नकाशा काढून घेतला होता. तो तिने मला दाखवला. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेला. त्यात पायवाट होती, बाभळीचा वळसा होता, खाण होती, आणि खाणीच्या वर एक छोटे झाड. वाटेवर ठिकठिकाणी बारीक अक्षरांत लिहिले होते: 'इथे मोरवाले भेटतील, मोर दिसला असे सांगू नये, फार वेळ थांबतात.' 'इथपासून भजने ऐकू येतील, भिऊ नये.' 'इथे साहेब.' आणि शेवटच्या चढापाशी: 'खोकलेवाले. चांगला मनुष्य. दम लागतो. दुसरी बाटली त्यांना विचारावी.'

मी तो कागद दोनदा वाचला. दोन वर्षे मी त्या माणसाला खुणेने ओळखत होतो, आणि तोही मला खुणेनेच ओळखत होता. सारा हिशोब चोख होता. मी तिला म्हटले, "बाबांना सांगा, साहेबांना आम्ही कलेक्टर म्हणतो." ती हसली आणि तिने पेन काढून तशी दुरुस्ती केली.

बहाव्याला त्या दिवशी तीन लिटर पाणी मिळाले.

आता त्यांचे नाव मला माहीत आहे. पत्ताही माहीत आहे. ही त्यांच्या घरी जाऊन आली आणि वीस मिनिटांत तिने त्यांच्या दोन्ही मुलांची शिक्षणे, सुनेचे माहेर आणि बहाव्याचे बी कुठून आणले इथपर्यंत सगळी माहिती काढली. पण नाव इथे सांगत नाही. टेकडीचा नियम आहे.

डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितले आहे, चढायला बंदी केली आहे. दुसऱ्या गुडघ्याचे पुढे बघू म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर 'पुढे बघू' म्हणतात त्याचा अर्थ दोघांनाही समजतो, आणि दोघेही तो बोलून दाखवत नाहीत. म्हणून ते सध्या आमच्या घराजवळच्या त्या गोल वाटेच्या उद्यानात येतात. हातात काठी, डोक्याला कानटोपी, बाटल्या नाहीत. गुरुवारी मी टेकडीला सुट्टी देतो आणि मीही तिथे जातो.

पहिल्या गुरुवारी मी त्यांच्या बरोबरीने चालू लागलो तर ते थांबले. "असं नको," म्हणाले. "माझ्यासाठी तुम्ही हळू चालणार, ते मला दिसणार, मग मी जोर करणार. तुम्ही त्या बाजूनं जा. मी या बाजूनं येतो. भेटू की."

तेव्हापासून दर गुरुवारी आमच्या बारा भेटी होतात. हसायचे भांडवल संपत नाही, कारण बोलायचे असते. ते समोरून येतात, न थांबता विचारतात, "कलेक्टर काय म्हणतात?" मी पुढे निघून गेलेला असतो. मग अर्ध्या फेरीने पुन्हा समोर आले की मी उत्तर देतो, आणि ते पुढचा प्रश्न देऊन जातात. ढग आणि धुक्याचा विषय आम्ही पुन्हा काढला आहे. गेल्या गुरुवारी तो सात भेटी चालला. अशोकाच्या झाडाकडे बघायला आता मला सवड मिळत नाही. माळी परवा म्हणाला, "सापडलं वाटतं साहेब, ते पडलेलं."

शेवटच्या भेटीचा प्रश्न ठरलेला असतो: "आणि बहावा?" बहावा माझ्या खांद्याला लागला आहे. फूल अजून धरलेले नाही, पण या उन्हाळ्यात त्याने पाने भरपूर काढली. हे सांगायला पुन्हा अर्धी फेरी थांबावे लागते, आणि बाकाशी टेकायला ते एव्हाना निघालेले असतात. म्हणून त्या अर्ध्या फेरीत मी जरा पाय उचलून चालतो. माझे घड्याळ तेवढ्यात थरथरते आणि माझा वेग सुधारल्याबद्दल माझे अभिनंदन करते. ते यंत्र जपानच्या वळणाचे आहे. त्याला पावले समजतात, बहावा समजत नाही.